मनकवड्याचा होकार

महानंदा बिराजदारला 'नाही' म्हणता येत नाही, हे सोलापुरात तिच्या ओळखीच्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि प्रत्येकानं त्याचा जमेल तसा फायदाही घेतला होता. शेजारणीला मिक्सर हवाय, हो. कुणाच्या पोराला गणित शिकवायचंय, हो. नवऱ्याच्या विजापूरच्या आत्याला अख्खा उन्हाळा मुक्कामाला यायचंय, तेही हो. नवरा बसवराज तर अलीकडं विचारायचाही थांबला होता. "तू हो म्हणणारच की! मग उगाच कशाला दोनदा बोलायचं?" असं म्हणून तो परस्पर कबूल करून मोकळा व्हायचा. माणूस वाईट नव्हता हो! शेंगाचटणीचा धंदा, तोंडात साखर, बायकोवर जीव. फक्त बायकोच्या मनातलं आपल्याला सगळं कळतं, अशी त्याची पक्की समजूत होती.

महानंदा दूधपेढीत नोकरीला होती. ज्या आयांना बाळाला पुरून दूध उरतं, त्या ते पेढीत आणून द्यायच्या. ते तपासायचं, तापवायचं, गोठवून कप्प्यांत ठेवायचं, आणि दिवस भरायच्या आधीच जन्मलेल्या, मुठीएवढ्या बाळांना थेंबाथेंबानं द्यायचं. ही गोष्ट घडली तोवर पेढीत माणसं कमी आणि यंत्रं जास्त झाली होती. कप्प्यांतून बाटल्या काढायला, ठेवायला, खराब दूध ओतून द्यायला एक लांबलचक यंत्रहात होता. त्याला हुकूम द्यायचा संगणक महानंदाच्या ताब्यात.

आता शेल म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आपण टाइप केलेलं वाचून संगणकाच्या पोटात हुकूम पोचवणारा जो मधला दुभाष्या, त्याला शेल म्हणतात. शेल पुष्कळ प्रकारचे. काही अगदी साधे, लिहिलं तेवढंच वाचणार, आणि शब्द चुकला की 'हे मला माहीत नाही' म्हणून अडून बसणार. काही लाघवी, अर्धा शब्द लिहिला की उरलेला स्वतःच भरणार, कालचा हुकूम आज आठवून देणार. आणि शेलकडून काम घ्यायच्या तऱ्हाही दोन. एक म्हणजे समोर बसून एकेक हुकूम द्यायचा, उत्तर बघायचं, पुढचा द्यायचा. म्हणजे गप्पाच म्हणा ना. दुसरी म्हणजे सगळे हुकूम एका चिठ्ठीत लिहून ठेवायचे, आणि आपण तिथं नसताना शेलनं ती वाचून काम उरकायचं. या चिठ्ठीला स्क्रिप्ट म्हणतात, आणि ही कोणत्या शेलनं वाचायची ते तिच्या पहिल्याच ओळीत लिहायचं असतं. जुनी जाणती मंडळी सांगायची, गप्पांना लाघवी शेल घ्या, चिठ्ठी मात्र साध्याच्या हाती द्या. महानंदानं कॉलेजात हे उत्तर लिहून मार्कही मिळवले होते.

मग आला मनकवडा. काही संशोधकांच्या ध्यानात आलं, की माणूस काय लिहील याचा अंदाज बांधणं कठीण, पण काय लिहायचं सोडून देईल ते फार ठरलेलं असतं. रोजच्या टपरीवर आपण 'एक चहा' म्हणतो. साखर कमी, हे सांगत नाही, टपरीवाल्याला ते माहीत असतं. या गाळलेल्या जागा भरण्याचं गणित त्यांनी बसवलं. बोट कुठं घुटमळलं, कोणत्या प्रश्नाला काय उत्तर दिलं, हे सगळं पाहून मनकवडा शेल आपल्या माणसाची सवय शिकायचा, आणि न लिहिलेलं स्वतः लिहायचा. बघता बघता तो घरोघरी, कचेरीकचेरीत पोचला.

महानंदाचं तर त्याच्याशी चांगलंच जमलं. तिनं त्याला स्वतःचे छोटे छोटे शब्द शिकवले होते. नुसतं 'ओत' लिहिलं की खराब ठरलेल्या बाटल्या शोधून, यंत्रहाताला सांगून त्या ओतून द्यायच्या, एवढं सगळं त्यात आलं. सुरुवातीला तो दरवेळी विचारायचा, "या बाटल्या ओतून द्यायच्या. नक्की?" ती म्हणायची हो. तिनं कधी एकदाही नाही म्हटलं नाही. हळूहळू त्यानं विचारणं कमी केलं, आणि एक दिवस बंदच केलं. महानंदाला तेव्हा बरंच वाटलं. म्हणाली, "चला, घरात एक बसवराज, कचेरीत दुसरा."

उन्हाळ्यात आत्या आल्या. आत्यांना सूर्य उगवायच्या आत गरम भाकरी लागायची, आणि पेढीतली खराब दूध काढायची वेळही नेमकी तीच. दोन्हीकडं कसं पुरं पडणार? म्हणून महानंदानं रोज गप्पांत द्यायची ते हुकूम एका चिठ्ठीत लिहिले. आपण घरी भाकऱ्या थापू, चिठ्ठी तिकडं काम करील. आधी तिनं नियमाप्रमाणं ती साध्या शेलला वाचायला दिली. तो पहिल्याच शब्दाला अडला. 'ओत' हा शब्द मला माहीत नाही, म्हणाला. माहीत कुठून असणार? तो तिनं मनकवड्याला शिकवलेला. सगळं नव्यानं, पूर्ण शब्दांत लिहायला हवं होतं, आणि घरून तर आत्यांचा फोन वाजत होता. महानंदानं पहिल्या ओळीत साध्याचं नाव खोडून मनकवड्याचं घातलं. चिठ्ठी सुरळीत चालली. "झालं की!" ती म्हणाली आणि पर्स उचलून निघाली.

त्याच दिवसांत एकदा भाग्यलक्ष्मी येमूल पेढीत आली. ही शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कामाला होती. तिची मुलगी जन्मल्यावर आठवड्याच्या आतच गेली. मुलगी गेली, पण दुधाला ते कोण सांगणार? दूध येतच राहिलं. पहिले दोन दिवस तिनं ते मोरीत पिळून टाकलं, आणि मग कुणीतरी पेढीचं नाव सांगितलं. तेव्हापासून ती न चुकता यायची, बाटली भरायची, काही न बोलता जायची. त्या दिवशी मात्र थांबली.

"अक्का, हे शेवटचं बघा," ती महानंदाला म्हणाली. "आटत आलंय आता. डॉक्टरीणबाईंनी बंद व्हायची गोळी दिलीय."

"बरं," महानंदा म्हणाली.

"माझ्या पोरीचं म्हणून एवढंच उरलंय. वाया जाऊ देऊ नका. कुठल्यातरी लेकराच्या पोटात गेलं पायजे. जाईल न्हवं?"

"हो," महानंदा म्हणाली. आणि हा होकार काही सवयीचा नव्हता, अगदी पोटातून आलेला होता. तिनं भाग्यलक्ष्मीचे दोन्ही हात धरले. "खाली वॉर्डात कुंभारी गावच्या बाईची जुळी आहेत. इवलीशी आहेत बघा. त्यांनाच देते."

"पोचलं की मला सांगा," भाग्यलक्ष्मी म्हणाली. जाताना तिनं बाटल्यांकडं एकदा वळून बघितलं.

दूध तपासून झालं, चांगलं निघालं. महानंदानं यंत्रहाताला हात न लावू देता त्या बाटल्या स्वतः दुसऱ्या क्रमांकाच्या, रोजच्या कप्प्यात ठेवल्या. उद्या सकाळी जुळ्यांना द्यायच्या, असं नर्सलाही सांगून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी भाकरी तव्यावर होती आणि आत्या "जरा पातळ थाप गं" म्हणत होत्या, तेवढ्यात नर्सचा फोन आला. "मॅडम, दुसरा कप्पा मोकळा हाय. तुम्ही दूध हलवलं का कुठं?"

महानंदानं तवा तसाच ठेवला आणि रिक्षा पकडली. पेढीत शिरताच तिला तापलेल्या दुधाचा वास आला. यंत्रहातानं आपलं काम चोख केलं होतं. दुसऱ्या कप्प्यातली बाटलीन् बाटली वितळवून, ओतून, धुऊन त्यानं जाळीवर उपडी घालून वाळत ठेवली होती. बाटल्यांवर अजून पाणी होतं. भाग्यलक्ष्मीच्या बाटल्या त्यांतच कुठंतरी होत्या. कोणत्या, ते आता ओळखता येत नव्हतं.  महानंदा भिंतीला टेकून खाली बसली.

काय घडलं ते शोधायला वेळ लागला नाही. प्रयोगशाळा आदल्या संध्याकाळपासून दुरुस्तीसाठी बंद होती, म्हणून खराब बाटल्यांची यादी त्या पहाटे कोरीच आली. चिठ्ठीत लिहिलेलं होतं, 'ओत, दुसरा कप्पा,' आणि पुढं यादीतली नावं यायची. नावं आलीच नाहीत. साध्या शेलला नीट लिहून दिलं असतं, की नाव नसेल तर थांब, तर तो जागचा हलला नसता. मनकवड्याला मात्र मोकळी जागा दिसली, आणि मोकळ्या जागा भरायलाच तर तो जन्माला आला होता! मागं एकदा वार्षिक सफाईच्या वेळी महानंदानं असंच नाव न देता लिहिलं होतं. तेव्हा सगळं दूध आधीच दुसरीकडं हलवलेलं होतं, आणि उरल्यासुरल्यासकट पूर्ण कप्पा मोकळा करायचा होता. मनकवड्यानं ते लक्षात ठेवलं. पडद्यावर त्यानं प्रामाणिकपणे नोंदवलं होतं, 'संपूर्ण कप्पा ओतायचा? हो. उत्तर महानंदा बिराजदार यांच्या वतीनं, अंदाजानं.'

तिनं ते पुन्हा पुन्हा वाचलं. तिच्या नावानं कुणीतरी हो म्हटलं होतं, आणि ती तेव्हा घरी भाकरी थापत होती.

पेढीच्या प्रमुख डॉक्टर होटकर मोठ्या धीराच्या बाई. त्यांनी आरडाओरडा केला नाही. बाळांना तोवर सलाईनवर ठेवलं, शेजारच्या जिल्ह्यातल्या पेढीला फोन लावला, आणि दुपार व्हायच्या आत बर्फाच्या पेटीतून दूध आलंदेखील. जुळ्यांनी नळीतून ते घेतलं. सगळं निवल्यावर त्यांनी महानंदाला खुर्चीत बसवून पाणी दिलं.

"यादी कोरी आली हे खरंच आहे," त्या म्हणाल्या. "तेवढंच वरिष्ठांना लिहून कळवू या. आणि त्या येमूलबाईला काही कळवायची गरज नाही. नेहमीचा धन्यवादाचा मेसेज जाऊ दे. आधीच पोर गेलीय बिचारीची, त्यात पुन्हा हे कशाला ऐकवायचं? तिच्या भल्यासाठीच सांगतेय मी. हो ना?"

"हो," महानंदा म्हणाली. शब्द तोंडातून निघून गेल्यावर तिला कळलं, की तो आपण म्हटलेलाच नाही, तो नुसता निघाला. तिला स्वतःची किळस आली. उठून घरी गेली.

घरी बसवराज दारातच भेटला, नेहमीसारखा खुशीत. "आत्याला सांगून टाकलं, दिवाळीलापण इकडंच या म्हणून. मी म्हटलं, नंदा हो म्हणणारच."

"मला विचार!" महानंदा ओरडली.

आत आत्यांच्या हातातली वाटी खाली पडली. बसवराज आधी हसला, मग तिचं तोंड बघून त्याचं हसू मावळलं. एवढ्या वर्षांत त्यानं तिला असं ओरडताना पाहिलंच नव्हतं.

"काय झालंय? मी काय वंगाळ केलं?"

मग ती पायरीवर बसून रडली, आणि रडत रडत तिनं सगळं सांगितलं. बाटल्या, कोरी यादी, मनकवडा, डॉक्टरांना दिलेला होकार, सगळं. बसवराज शेजारी बसून ऐकत राहिला. मग त्यानं डोकं खाजवलं.

"म्हंजे ते यंत्र माझ्यासारखंच हाय म्हण की."

"हाय," ती नाक पुसत म्हणाली. "आणि शिकवलं मीच, तुम्हाला दोघांनाही. कधी नाही म्हणालेच नाही ना मी."

"च्या करू का?" असं म्हणून तो घाईघाईनं पुढं म्हणाला, "विचारायलोय हं! नको असला तर नको म्हण."

त्याही स्थितीत तिला हसू फुटलं. "कर. आणि आत्यांना दिवाळीचं मी सांगते, माझ्या तोंडानं."

दुसऱ्या दिवशी सकाळी महानंदानं चिठ्ठी कोरी करून पुन्हा लिहायला घेतली. पहिल्या ओळीत साध्या शेलचं नाव. कामाला वेळ लागला. साध्या शेलला लाड ठाऊक नाहीत. छोटे शब्द चालेनात, अर्धे शब्द चालेनात, एक खूण चुकली की तो अडायचा आणि कुठं अडलाय ते कोरडेपणानं सांगायचा. आधी ती वैतागली. मग तिच्या लक्षात आलं, की प्रत्येक अडण्याबरोबर तो तिला तेच विचारतोय जे तिनं कधी स्वतःला विचारलं नव्हतं. यादी आली नाही तर? कप्प्याचं नाव नसलं तर? तिनं एकेक उत्तर पूर्ण शब्दांत लिहिलं. नाव नसेल तर थांब, आणि मला फोन कर. मग तिनं मुद्दाम कोरी यादी देऊन चिठ्ठी चालवली. शेल थांबला. यंत्रहात जागच्या जागी उभा राहिला आणि पर्समध्ये फोन वाजला. तिला इतकं हायसं वाटलं, की तिनं चक्क त्या पडद्याला शाबास म्हटलं.

मनकवड्याला तिनं काढून टाकलं नाही. समोर बसून काम करायचं तर त्याच्याइतका चांगला सोबती नाही, आणि चुकला तर थोपवायला आपण असतोच. त्याच्याकडं वळली तर त्यानं मेसेज तयार करूनच ठेवला होता. 'भाग्यलक्ष्मी येमूल, आपलं दूध बाळापर्यंत पोचलं. मनापासून धन्यवाद. पाठवू?' आणि 'हो' वर खूणही आधीच केलेली.

महानंदानं लिहिलं, नाही.

'नक्की? आपण सहसा हो म्हणता.'

नाही, तिनं पुन्हा लिहिलं, आणि ती डॉक्टर होटकरांच्या खोलीत गेली. दारातच उभी राहून, बळ ओसरायच्या आत, तिनं बोलून टाकलं. "मॅडम, काल मी हो म्हटलं होतं. ते मी मागं घेते. कोऱ्या यादीबरोबर माझ्या चिठ्ठीचंही लिहा. आणि येमूलबाईंना मी स्वतः जाऊन सांगणार आहे."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तिला फार लागेल, महानंदा."

"लागेल. पण मी तिला शब्द दिला होता, मॅडम."

गणवेशाच्या कारखान्यात शिवणयंत्रांचा नुसता गलका होता. निळ्या चड्ड्यांचे ढीग पडलेले, हवेत कापडाची धूळ. भाग्यलक्ष्मीनं तिला लांबूनच पाहिलं आणि यंत्र थांबवलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर उजेड दिसला. तो बघून महानंदाचे पाय मागं फिरायला लागले.

"अक्का! तुम्ही सोता आलात? पोचलं का?"

हो म्हणणं किती सोपं होतं. ओठांवर आलेलंच होतं ते. समोरची बाई हसली असती, आणि कुणाला कधी कळलं नसतं.

"नाही," महानंदा म्हणाली. "नाही पोचलं, भाग्यलक्ष्मी."

आणि तिनं सांगितलं. कोरी यादी सांगितली, पण आधी चिठ्ठी सांगितली. यंत्राला माझ्या नावानं हो म्हणायची सवय मी लावली, आणि मी तिथं नव्हते, म्हणाली. भाग्यलक्ष्मीचा हात हातातल्या निळ्या कापडावर तसाच राहिला. शेजारच्या दोघी बायकांनीही यंत्रं थांबवली होती.

"ओतून दिलं?"

"हो."

"मी तुमच्यापाशी दिलं होतं, अक्का. यंत्रापाशी न्हवतं दिलं."

"हो," महानंदा म्हणाली. तिला रडू आवरेना.

भाग्यलक्ष्मी रडली नाही. तिनं खिडकीकडं तोंड फिरवलं. असू द्या, असं ती म्हणाली नाही, आणि महानंदालाही ते ऐकायची आशा नव्हती. मग भाग्यलक्ष्मीनं हातातल्या कापडानंच तोंड पुसलं.

"पोचलं म्हणून सांगितलं असतं, तर मला कळलं असतं का?"

"नाही."

"मग ती लेकरं? उपाशी ऱ्हायली?"

"नाही राहिली. दुसऱ्या गावच्या पेढीतून दूध आणलं. दोघं बरी आहेत. धाकटीचं वजन आज थोडं वाढलंय."

"धाकटी पोरगी हाय?"

"पोरगी आहे."

भाग्यलक्ष्मीनं कापडाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग खाली बघतच तिनं विचारलं, "मला लांबून तरी बघू देतील का तिला?"

महानंदाच्या जिभेवर 'हो' आला. अगदी आतून आला. या बाईसाठी काहीही करावं असं तिला वाटत होतं. पण लेकरं काही तिची नव्हती. तिनं तो होकार गिळला आणि डोळे पुसले.

"मला माहीत नाही, भाग्यलक्ष्मी. तिच्या आईला विचारते. ती काय म्हणेल ते येऊन सांगते. नाही म्हणाली तर तेही सांगते."

भाग्यलक्ष्मीनं पहिल्यांदा तिच्याकडं सरळ बघितलं.

"विचारा," ती म्हणाली, आणि पायानं ढकलून एक स्टूल तिच्या पुढं केलं.